शब्दचर्चा : प्रारब्ध, विधिलिखित आणि त्रिकालज्ञ

प्रश्न : नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या वाड्यात मोठी माणसं नशीब, प्रारब्ध, विधिलिखित हे शब्द एकाच अर्थानं वापरतात. देव त्रिकालज्ञ असेल, तर उद्या मी काय करणार हे त्याला आजच ठाऊक. मग निवड माझी कशी? हा पेच मांडायला कोणता शब्द घ्यावा?

— विधिलिखित तर घेऊच नका. विधी म्हणजे ब्रह्मदेव, आणि त्यानं लिहिलं म्हणजे ठरवलंच. पेच उरतच नाही. पाचवी-सटवीला बाळाजवळ कोरा कागद आणि लेखणी ठेवतात, ती सटवाईनं लिहावं म्हणूनच. त्रिकालज्ञ शब्दात मात्र फक्त जाणणं आहे. गीतेत (७.२६) श्रीकृष्ण होऊन गेलेल्या, असलेल्या आणि होणाऱ्या सगळ्यांना ओळखतो. तिथलं क्रियापद ‘वेद’, म्हणजे ‘मी जाणतो’. आणि तोच शेवटी अर्जुनाला म्हणतो, ‘यथेच्छसि तथा कुरु’ (१८.६३).

नशीब अरबीतून आलं, मूळ अर्थ वाटा. प्रारब्ध म्हणजे सुरू झालेलं. ‘आरंभ’ त्याच धातूचा. वेदान्ती कर्माचे तीन प्रकार सांगतात : संचित म्हणजे भात्यातले बाण, प्रारब्ध म्हणजे सुटलेला बाण, क्रियमाण म्हणजे हातातला. वर्धा रोडवर हेल्मेटशिवाय गाडी दामटणारं पोरगं गेलं, की मयतीला आलेले लोक ‘प्रारब्ध होतं बिचाऱ्याचं’ म्हणतात. मला ते ऐकवत नाही. तो बाण हातातला होता.

— पण १८.६३ च्या तीनच श्लोक आधी काय आहे तेही बघा. ‘करिष्यस्यवशोऽपि तत्’, मोहामुळे जे करायचं नाही म्हणतोस तेच तू परवश होऊन करशील. आणि ११.३३ मध्ये तर ‘मी यांना आधीच मारलं आहे, तू निमित्तमात्र हो’. हे नुसतं जाणणं नाही. सत्काराला उत्तर देताना आपण ‘मी निमित्तमात्र’ म्हणतो त्यात विनय असतो. मुळात तो शब्द फार जड आहे.

— मान्य. ११.३३ माझ्या बाजूनं सहज वळत नाही. तरी ‘भव’ हे आज्ञार्थी रूप आहे. ज्याला ‘नाही’ म्हणता येतं, त्यालाच ‘हो’ म्हणून सांगायचं असतं.

— नागपुरात ही चर्चा देवापाशीच थांबू नये. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर ज्यांनी धम्म घेतला त्यांच्या घरात त्रिकालज्ञ ईश्वराचा प्रश्नच येत नाही, नियतीचा येतो. बुद्धाच्या काळातला आजीवक पंथाचा आचार्य मक्खली गोसाल म्हणे, सगळं नियतीनं बांधलेलं, माणसाच्या प्रयत्नात बळ नाही. बुद्धानं ते मत ठामपणे नाकारलं. गेल्या जन्मीच्या कर्मामुळे माणूस आज गरीब किंवा हीन, हे बाबासाहेबांनीही नाकारलं. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या ‘तुमचं प्रारब्ध’ म्हणून गावाबाहेर ठेवलं, त्यांना हा शब्द कसा लागतो, याचाही विचार व्हावा.

— फार महत्त्वाचं बोललात. मूळ प्रश्नाला माझं उत्तर : ‘ईश्वराची सर्वज्ञता आणि माणसाचं कर्तृस्वातंत्र्य’ असं लिहा. इच्छास्वातंत्र्य रूढ आहे, पण इच्छा काय, मनात कुठूनही येते; प्रश्न करण्याचा आहे. पाणिनीनं कर्त्याची व्याख्याच ‘स्वतन्त्रः कर्ता’ (१.४.५४) अशी केली. तिथे तो व्याकरणाचंच बोलतोय, तरी ‘मी केलं’ या वाक्यातल्या ‘मी’ला आपली भाषा काय मानते ते त्यातून कळतं.