प्रति: ओपीडीच्या गर्दीत समुपदेशन शिकायचं कधी?

वर एकांनी विचारलंय, 'माणशी चार मिनिटं मिळतात, त्यात कसलं समुपदेशन?' फॅमिली मेडिसिनच्या डीएनबीची (एमबीबीएसनंतरच्या पदव्युत्तर शिक्षणाची) तीन वर्षं हेच कानावर येणार. पण वेळ ऐकण्यात जात नाही, मध्येच तोडल्यानं जातो. बेकमन आणि फ्रँकेल यांच्या १९८४ च्या अभ्यासात डॉक्टरांनी रुग्णाला सरासरी १८ सेकंदांत तोडलं होतं!

परळच्या चाळीतल्या मावशी येतात: अंग दुखतं, झोप नाही. मागे सून उभी. तिला आधी 'जरा केसपेपर काढून आणता का?' म्हणून बाहेर पाठवा. मग 'घरी कोण कोण असतं?' एवढंच विचारा आणि गप्प बसा. पेनसुद्धा खाली ठेवा. नवऱ्याचं पिणं, मुलाची सुटलेली नोकरी, सगळं तेव्हाच बाहेर येतं. जिवाचं बरंवाईट करायचे विचार येतात का, हेही सरळ विचारा. विचारल्यानं ते डोक्यात शिरत नाहीत. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६ चिठ्ठीवर लिहून द्या.

सरावासाठी बॅलिंट गट बघा, १९५० च्या दशकात लंडनमध्ये जीपींसाठी (तिथल्या फॅमिली डॉक्टरांसाठी) सुरू झालेले. केस मांडायची, पण चर्चा औषधांची नाही, डॉक्टर-रुग्ण नात्याची. आम्ही तिघं-चौघं ड्युटीनंतर कॅन्टीनमध्ये बसतो. कुणाला यायचं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.