मदत हवी आहे : जांभ्याच्या भुकटीने टेट्रासायक्लिन तुटतंय की नुसतं चिकटतंय?

नमस्कार मंडळी. मी रत्नागिरीत एमएस्सी रसायनशास्त्राला आहे. प्रोजेक्टचा विषय आहे सांडपाण्यातली अँटिबायोटिक्स (माझ्याकडे टेट्रासायक्लिन) काढणं, आणि उत्प्रेरक म्हणून घेतलाय आपला जांभा, कोकणातला तांबडा दगड. चिरेखाणीवर त्याची भुकटी हवी तेवढी मिळते, आणि लोह तर त्याच्या रंगातच दिसतं. हायड्रोजन पेरॉक्साइड घातलं की लोहामुळे हायड्रॉक्सिल रॅडिकल (अतिशय क्रियाशील कण) तयार होतात आणि ते औषधाचा रेणू तोडतात, ही फेंटन प्रक्रिया.

अडचण अशी. टेट्रासायक्लिन 357 नॅनोमीटरचा प्रकाश शोषतं, आणि आलेखातलं ते शिखर, म्हणजे पीक, झपाट्याने उतरतो. पण पेरॉक्साइड न घालता, नुसती भुकटी ढवळली तरी तो बराच उतरतो! म्हणजे औषध दगडाला चिकटून बसतंय. शिवाय ते लोहाशी जोड करतं, त्यामुळे पीकही सरकतो. मग तुटलं किती, हे कसं ठरवू? वापरलेली भुकटी ऑक्झॅलिक आम्लाने धुऊन चिकटलेलं औषध परत मोजता येईल का? कॉलेजात एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) नाही, फक्त प्रकाश किती शोषला जातो ते मोजणारा यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटर आहे.

दुसरं, 3 पीएचला काम छान होतं, 7 ला जवळजवळ थांबतं. खाडीचं पाणी मिसळलं तर आणखी मंदावतं. खाऱ्या पाण्यातलं क्लोराइड हे रॅडिकल खाऊन टाकतं, असं वाचलंय. पण मला कोळंबीच्या तलावांचंच पाणी साफ करायचंय, ते खारटच असणार. लोह विरघळलेलं राहावं म्हणून सायट्रिक आम्ल घालून कुणी पीएच 7 च्या आसपास फेंटन चालवलंय का? किती घातलंत?

एचपीएलसीवर चार-पाच नमुने लावून देणारं कुणी रत्नागिरी-चिपळूण भागात असेल तर कृपया सांगा, नमुने मी स्वतः घेऊन येईन.