वर्षभर फॅन्टसी वाचली, आता एका शब्दापाशी अडले आहे

तवंदी_घाट

सगळ्यांना नमस्कार. डिसेंबर संपत आला, वहीतली यादी काल पुरी केली. वर्षात २२ पुस्तकं झाली, त्यातली १७ फॅन्टसी. मी संकेश्वरात राहते, निपाणीला एका तंबाखूच्या वखारीत हिशेब लिहिते. वाचन होतं ते बसमध्ये आणि रात्री. तवंदी घाटाची वळणं सुरू झाली की पुस्तक मिटावं लागतं, नाहीतर पोटात ढवळतं. कितीतरी प्रकरणं माझ्या डोक्यात अजून घाटाच्या पायथ्याशीच थांबलेली आहेत.

सुझॅना क्लार्कचं 'पिरानेसी' (२०२०) तीन रात्रीत संपवलं. हिरण्यकेशी दुथडी भरून वाहत होती, वीज गेली होती, बॅटरीच्या उजेडात वाचत होते. पुतळ्यांनी भरलेली न संपणारी दालनं, खालच्या मजल्यावर समुद्र, आणि तिथे राहणारा एक भला माणूस. तो भरती-ओहोटीची गणितं मांडतो, स्वतःच्या रोजनिशीची अनुक्रमणिका करतो. दिवसभर खतावणी लिहिणाऱ्या बाईला असा माणूस किती जवळचा वाटावा! जॉर्ज मार्टिनच्या 'अ साँग ऑफ आइस अँड फायर' मालिकेचा पहिला खंड वाचला आणि थांबले. पाचवा खंड २०११ साली आला, सहाव्याची लोक अजून वाट बघताहेत. तेवढा धीर माझ्यात नाही.

पण यंदाचं माझं खरं वाचन आज्जीबरोबर झालं. आज्जी अजून घरी विड्या वळते. रात्री जेवणं झाली की मांडीवर सूप घेऊन बसते, मी शेजारी बसून मोठ्याने वाचते. मुग्धा कर्णिक यांनी मराठीत आणलेलं 'स्वामी मुद्रिकांचा', म्हणजे टॉल्किनचं 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज', आम्ही असंच वाचलं, तिन्ही खंड. सुरुवातीलाच गॅन्डाल्फ फ्रोडोला गोलमची हकिकत सांगतो. बिल्बोला त्याला मारता आलं असतं, पण दया आली म्हणून मारलं नाही. तिथे आज्जीची कात्री पानावर थांबली. म्हणाली, "आंधारात एकटाच ऱ्हातोय व्हय? त्येला जेवायला कोन वाढत आसंल गं?" मी हे पुस्तक आधी दोनदा इंग्रजीत वाचलंय. दोन्ही वेळा हा प्रश्न माझ्या मनात आला नव्हता. त्या रात्रीपासून गोलमचं पान आलं की ती हातातली विडी बाजूला ठेवून ऐकायची.

नंतर घेतलं अर्सुला ले ग्विनचं 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' (१९६८). माझ्याकडे इंग्रजी प्रत आहे, त्यामुळे वाचता वाचता मीच तोंडी मराठी करत गेले. त्या जगात प्रत्येक वस्तूला, प्राण्याला, माणसाला एक 'ट्रू नेम' असतं. ज्याला ते कळलं त्याची त्यावर सत्ता. म्हणून माणसं वापरायला वेगळं नाव ठेवतात आणि 'ट्रू नेम' अगदी जिवाभावाच्या माणसालाच सांगतात. मला वाटलं, आज्जीला हे समजावून सांगावं लागेल. तर ती म्हणाली, "ह्यात काय नवीन? तुझ्या आज्ज्याचं नाव मी उखाण्याबिगर कधी घेतलंय का?" मग तिच्या पाठच्या भावाची गोष्ट निघाली. आधीची दोन पोरं गेली म्हणून याचं नाव धोंडू ठेवलं. यमाला वाटावं, धोंडाच आहे, कशाला न्या. पोरगं वाचलं. त्याला घरात दुसरंही एक नाव होतं म्हणे, ते आईबापाशिवाय कुणाला माहीत नव्हतं. माझ्या आज्जीलाही नाही.

मी पुस्तक मिटून नुसती बसून राहिले.

तर आता अडचण. 'ट्रू नेम'ला मी 'खरं नाव' म्हणत होते. आज्जीला ते रुचत नाही. म्हणते, "मग धोंडू काय खोटं नाव हुतं? त्याच नावानं तो जगला की." तिचं म्हणणं मला पटतं. या शब्दाला मराठीत काय म्हणावं? आणि पुढच्या वर्षी आम्हा दोघींना मोठ्याने वाचता येईल असं काय सुचवाल?

शहापूर_मास्तर

ताई, आज्जींना माझा नमस्कार सांगा. शब्दासाठी 'जन्मनाव' बघा. पत्रिकेत नक्षत्राच्या चरणावरून अक्षर निघतं, त्यावरून ठेवलेलं नाव पुष्कळ घरांत व्यवहारात वापरत नाहीत. कल्पना जवळची आहे.

वाचायचं म्हणाल तर आपल्याच बेळगाव जिल्ह्यात या. जी. ए. कुलकर्णी यांचा जन्म १९२३ साली एकसंब्यात झाला, तुमच्या निपाणीपासून ते काही लांब नाही. पुढे बरीच वर्षं ते धारवाडात इंग्रजी शिकवत राहिले. त्यांचं 'रमलखुणा' (१९७५) काढा. त्यात 'प्रवासी' आणि 'इस्किलार' अशा दोनच दीर्घकथा आहेत. 'इस्किलार' नकाशावर नसलेल्या मुलखात घडते, माणसांची नावंही कुठल्या ओळखीच्या भाषेतली नाहीत. लोक जीएंना नियतीचे लेखक म्हणतात आणि तिथेच थांबतात. मला विचाराल तर मराठीत मोठ्यांसाठीची फॅन्टसी त्यांच्याइतक्या गांभीर्याने कुणी लिहिली नाही. आज्जींना मात्र हळूहळू वाचून दाखवा, वाक्यं जड आहेत. बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयात विचारून बघा, १८४८ सालापासूनची संस्था आहे. माझं जीएंचं वाचन तिथूनच सुरू झालं.

मलप्रभा_काठ

मी खानापूरकडचा. ताई, अर्थसी मी कॉलेजात असताना वाचलो. धोंडूमामांची गोष्ट वाचून अंगावर काटा आला बघा.

मास्तर, जन्मनाव मला तितकं बरोबर वाटत नाही. ते भटजींना माहीत असतंय, पत्रिकेत लिहिलेलं असतंय. पुस्तकाचा नायक गेड तेरा वर्षांचा होतो तेव्हा नदीच्या थंड पाण्यातनं चालत पलीकडं जातो. काठावर ऑजियन नावाचा जादूगार उभा असतोय, तो त्याचा दंड धरून कानात नाव सांगतोय. कानात! ताई, आपल्याकडं बारशाला आत्या काय करते? बाळाच्या कानात कुर्रर्र करून नाव सांगते. जगाला कळायच्या आधी बाळाला कळतंय ते नाव. 'कानातलं नाव' म्हणून बघा.

अजून एक. आमच्या गावात रात्री सापाला साप म्हणत नाहीत, लांबडं म्हणतात. नाव घेतलं की येतो म्हणून. माझी आई अजून दिवा लागल्यावर तो शब्द तोंडातनं काढत नाही. ले ग्विनबाईंनी हे कुठनं आणलं मला माहीत नाही, पण वाचताना परक्याचं वाटलं नाही.

धारवाड_सप्तापूर

खानापूरकर, शब्द फार छान सुचवलात. माझं सासर कन्नड, तिकडच्या म्हाताऱ्या बायकाही नवऱ्याचं नाव घेत नाहीत.

तवंदी_घाट, तुम्हाला कन्नड वाचता येत असेल तर चंद्रशेखर कंबार वाचा. तेही आपल्याच जिल्ह्यातले, हुक्केरी तालुक्यातल्या घोडगेरीचे. ज्ञानपीठ मिळालेला लेखक, पण भाषा गावाची. 'सिरिसंपिगे' नाटकात एक राजपुत्र स्वतःचे दोन भाग करवून घेतो, एकातून माणूस निघतो आणि दुसऱ्यातून साप. नाटक असल्यामुळे मोठ्याने वाचायला सोपं जातं, मी सासूबाईंना वाचून दाखवलंय. आणि अर्थसी पहिल्या पुस्तकावर सोडू नका. दुसरं, 'द टूम्ब्स ऑफ अटुआन', एका मुलीचं आहे. लहानपणीच तिला अनाम शक्तींना वाहतात आणि तिचं नावच काढून घेतात. यल्लम्माला मुली वाहिल्या जायच्या त्या सौंदत्तीच्या डोंगराच्या इतक्या जवळ राहणाऱ्या आपल्यासारख्यांना ते वाचताना काय होतं, ते तुम्हीच अनुभवा.

तवंदी_घाट

सगळ्यांचे मनापासून आभार. मास्तर, 'रमलखुणा' मिळवते. एकसंब्यावरून मी कितीदा गेले आहे, तिथे जीए जन्मले हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. धारवाडच्या ताई, कन्नड शाळेत शिकले आहे, वाचते सावकाश, पण वाचते. 'सिरिसंपिगे' आधी, 'अटुआन' त्यानंतर. तुम्ही जे लिहिलंत ते वाचून ते पुस्तक आज्जीपुढे कसं वाचायचं याचा विचार करते आहे. तिची एक मैत्रीण लहानपणी अशीच देवीला गेली होती.

आता शब्दाचं. काल रात्री पुन्हा नदीचं प्रकरण काढलं आणि 'कानातलं नाव' म्हणून वाचलं. आज्जी काही बोलली नाही. वळून झालेल्या विड्यांचा कट्टा दोऱ्याने बांधला, सूप बाजूला ठेवलं. मी पुढे वाचत राहिले. गेडच्या हातून एक काळी सावली सुटते, तो मरता मरता वाचतो, चेहऱ्यावर व्रण राहतात, मंत्र म्हणायचीही भीती बसते. अशा वेळी त्याचा मित्र व्हेच निरोप घ्यायला येतो आणि काही न मागता आपलं कानातलं नाव त्याला सांगून जातो.

आज्जी म्हणाली, "थांब. हितं थांब जरा."

मग ती माझ्याजवळ सरकली आणि आज्ज्याचं नाव माझ्या कानात सांगितलं. उखाणा न घेता.