टेक्नो, ट्रान्स, हाऊस, बेस: तुम्ही कुठल्या बाजूचे? (अनुभव धागा)

इलेक्ट्रॉनिक डान्स म्युझिक ऐकणाऱ्या मराठी मंडळींसाठी हा धागा. तुम्ही कुठला प्रकार ऐकता, तो तुमच्यापर्यंत कसा पोचला आणि त्यापायी कुणाशी वाजलं, ते लिहा. 'मी सगळंच ऐकतो' हे उत्तरही चालेल, पण मग काय लागलं की उठून बंद करता तेही सांगा. उपप्रकारांवरून होणारी भांडणं बाहेरच्यांना पोरकट वाटतात. मला तशी वाटत नाहीत. ख्याल आणि ठुमरीत फरक करणाऱ्याला कुणी पोरकट म्हणत नाही. इथेही लय, ठेका, गाण्याची लांबी, ते कुठल्या प्रहरी वाजतं, सगळं प्रकारागणिक बदलतं.

सुरुवात मी करते. पुण्याची, सायट्रान्सवाली. सायट्रान्स काय असतो ते कानाने सहज पकडता येतं. एका मात्रेचे चार भाग करा. पहिल्या भागावर किक (मोठ्या ढोलाचा खर्जातला ठोका), उरलेल्या तिन्हींवर बेसचे तीन आखूड ठोके. मिनिटाला साधारण १४५ मात्रा. हा साचा पूर्ण गाणं टिकतो, म्हणून वरच्या थरात काहीही करायची मोकळीक मिळते. पण एवढ्यावर भागत नाही. माझा भाऊ प्रोग्रेसिव्ह सायट्रान्स ऐकतो, १३८च्या आसपासचा, मोकळा, कमी गर्दीचा. मला नव्वदच्या दशकातला गोवा ट्रान्स हवा: एकावर एक चढत जाणाऱ्या सुरावटी आणि मध्येच पिळवटणारा ३०३चा (बेस वाजवणाऱ्या रोलँडच्या यंत्राचा) आवाज. त्याला ते 'जुनाट' वाटतं. गाडीने गोव्याला निघालो की कोल्हापूरपर्यंत त्याचं लागतं, तिथून आंबोली घाट उतरेपर्यंत माझं. हा करार आम्ही दोघंही काटेकोर पाळतो.

गोवा ट्रान्सचं नाव गोव्याचं असलं तरी त्यातल्या बऱ्याचशा रेकॉर्डी इंग्लंड आणि इस्रायलमध्ये निघाल्या. हणजूणच्या किनाऱ्यावर जे घडलं ते निवडीचं काम होतं. तिथले डीजे विनाइल फारसं वापरत नसत, उन्हात तबकड्या वाकायच्या. कॅसेटवर आणि पुढे डॅट (डिजिटल) टेपवर गाणी आणायची, त्यातलं गायन कापून टाकायचं आणि नुसता वाद्यांचा भाग लांबवत न्यायचा. तिथले नावाजलेले डीजे गोवा गिल २०२३मध्ये गेले, शेवटपर्यंत डॅटवरच वाजवत. हे कळल्यावर त्या संगीतात शब्द का नाहीत ते मला उमगलं, आणि आता शब्द असलेला ट्रान्स मला ऐकवतच नाही.

बार्देश, गोवा

आमचं घर वागातोरपासून थोडं आत आहे, त्यामुळे मला निवडीची संधी नंतर मिळाली, आवाज आधी मिळाला. लांबून फक्त किक पोचते. उंच स्वर झाडांत, भिंतींत, हवेत विरतात. खालचे स्वर वळणं घेत येतात आणि आधी खिडकीच्या काचेत वाजतात, मग कानात. शाळेत असताना मी अंथरुणात पडून मनगटावरचं घड्याळ बघून ठोके मोजायचो. १२४-१२५ आले तर हाऊस, १३५च्या पुढे टेक्नो, १४५ म्हणजे सायट्रान्स. सायकल काढून जवळ गेलं की एकेक थर उघडत जायचा: आधी बेसची ओळ, मग टाळ्या, मग हाय-हॅट, अगदी कुंपणाशी सुरावट. माझ्या आईने ते कुंपण कधी गाठलं नाही, तिच्यापुरते सगळे प्रकार एकच.

आईची बाजूही इथे नोंदवतो. उघड्यावरचे ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद, हा नियम २०००पासून आहे. त्यामुळे काही पार्ट्या दुपारी सुरू होऊन दहाला आवरतात. पण आमच्या जवळच्या एका क्लबात ते कुणी पाळत नाही, आणि तक्रार करून आई थकली आहे. बीपीची गोळी घेऊन झोपलेल्या बाईला पहाटे दोनला काचा वाजून जाग येते. संगीतावर प्रेम आहे म्हणून मी याकडे काणाडोळा करणार नाही.

मी स्वतः डब टेक्नो ऐकतो. बेसिक चॅनल या बर्लिनच्या जोडीने १९९३पासून जे केलं ते. एक कॉर्ड येते, तिचा प्रतिध्वनी लांबत जातो, किक जणू शेजारच्या खोलीत. हळू आवाजात ऐकलं तरी त्यातलं काही हरवत नाही. आमच्या घरात हाच प्रकार वाढू शकला असता.

पुणे, कॉलेज

मी मेनस्टेजवाली, म्हणजे महोत्सवाच्या मुख्य मंचावरचं संगीत ऐकणारी. मोठा ड्रॉप (ताण वाढवत नेऊन एकदम ठेका सुटतो ती जागा), सगळ्यांना पाठ असलेला कोरस, कागदी तुकड्यांचा पाऊस. २००७मध्ये गोव्यात कांदोळीला सुरू झालेला सनबर्न महोत्सव २०१६ला पुण्याकडे आला, तेव्हा मी शाळेत होते आणि ताईचे व्हिडिओ बघून वेडी झाले. माझ्या ग्रुपमध्ये टेक्नो ऐकणारे तिघं आहेत. मी काही लावलं की एकमेकांकडे बघतात. मला त्याचा राग येतो. ड्रॉपच्या आधी किक काढून घेतात, स्नेअर (ड्रमचा कडकडीत ठोका) दुप्पट, मग चौपट होत जातो, स्वर वर वर सरकतो आणि क्षणभर सगळं थांबतं. त्या क्षणी मैदानावरचा प्रत्येक जण पुढे काय येणार ते ओळखून असतो आणि तरी उडी मारतो. यमन ऐकायला बसलेल्यांनाही तीव्र मध्यम येणार हे ठाऊकच असतं ना? ठाऊक असलेली गोष्ट नीट यावी, यातही आनंद आहे.

दादर, मुंबई

हाऊस. पस्तीस वर्षांपूर्वी मित्राच्या मामाने परदेशातून आणलेल्या कॅसेटमुळे.

हाऊस का, तर त्यात माणसाचा गळा आहे. शिकागोच्या वेअरहाऊस क्लबात डीजे फ्रँकी नकल्स वाजवत, त्या क्लबावरून नाव पडलं. तिथे येणारे बहुतेक कृष्णवर्णीय आणि लॅटिनो समलिंगी तरुण. त्याच शहरात १२ जुलै १९७९ला बेसबॉलच्या मैदानावर डिस्कोच्या रेकॉर्डी स्फोटाने उडवल्या गेल्या, आणि हजारो लोक मैदानात घुसले. ज्यांचं संगीत तिथे जाळलं गेलं, त्यांच्यातूनच पुढच्या काही वर्षांत हाऊस उभा राहिला. म्हणून 'हाऊस म्हणजे हॉटेलच्या लॉबीतलं गुळगुळीत संगीत' असं कुणी म्हटलं की मी गप्प बसत नाही.

दुसरा वाद मुंबईचा. चरणजित सिंग यांनी १९८२मध्ये रोलँडची ३०३, ८०८ आणि ज्युपिटर-८ ही यंत्रं घेऊन दहा रागांची रेकॉर्ड केली. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात वाजवणारा माणूस. तेव्हा ती फारशी कुणी घेतली नाही. २०१०मध्ये ती पुन्हा निघाली आणि 'ॲसिड हाऊस (३०३च्या पिळवटत्या आवाजाचा हाऊस) भारतात जन्मला' असं लोक म्हणू लागले, कारण शिकागोच्या फ्यूचर या त्रिकुटाचं 'ॲसिड ट्रॅक्स' १९८७चं. मला ती रेकॉर्ड फार प्रिय आहे, भैरव तर सकाळी हमखास लावतो. तरी हा दावा मी मान्य करत नाही. शिकागोत डीजे रॉन हार्डी ते गाणं एकाच रात्री पुन्हा पुन्हा वाजवत राहिले, आधी लोक फ्लोअर सोडून गेले, मग शेवटी नाचले. प्रकार असा नाचणाऱ्यांसमोर ठरतो. चरणजितजींच्या रेकॉर्डसमोर तेव्हा नाचणारं कुणी नव्हतं. त्यांनी मशीनवर राग वाजवले, आणि ते काम स्वतःच्या पायावर उभं राहण्याइतकं मोठं आहे. त्याला शिकागोचा बिल्ला कशाला लावायचा?

रॉटरडॅम

दादरकर, नाचणारे प्रकार ठरवतात हे अगदी पटलं. इथे नेदरलँड्समध्ये तर शहरांनी प्रकार ठरवले. माझा ऑफिसातला सहकारी पन्नाशीचा आहे, तरुणपणी गॅबर होता: टक्कल, ट्रॅकसूट, एअर मॅक्स बूट आणि मिनिटाला १८०च्या वर जाणारी फुटलेल्या आवाजाची किक. नव्वदच्या सुरुवातीला ॲमस्टरडॅमची मंडळी हाऊसच्या नजाकतीत असताना रॉटरडॅमच्या कामगार वस्त्यांतल्या पोरांनी हे उचललं. दोन शहरांमधलं फुटबॉलचं वैर त्यात मिसळलं. त्याने मला कँटीनच्या मागे हाकनच्या, म्हणजे गॅबरच्या नाचाच्या स्टेप्स दाखवल्या. वरचं अंग जवळपास स्थिर, सगळं काम गुडघ्याखाली, पाय मागे झटकत. त्या वेगाला दुसरा नाच शक्यच नाही.

मी मात्र सुरेल ट्रान्सचा. डच डीजे आर्मिन व्हान ब्यूरेनचा २००१पासून चालू असलेला रेडिओ कार्यक्रम मी नागपुरात कॉलेजात असताना डाउनलोड करून ऐकायचो, मेस बंद झाल्यावर, हेडफोनची एक बाजू रूममेटला देऊन. सहकाऱ्याच्या लेखी हे राजघराण्याचं संगीत, आणि त्याला पुरावा आहे: २०१३ला नवा राजा गादीवर आला त्या दिवशी आर्मिनने ऑर्केस्ट्रासोबत वाजवलं आणि राजा सहकुटुंब मंचावर गेला. सहकाऱ्याला ते अजून खुपतं. आम्ही एकमेकांना गाणी पाठवत नाही. एकमेकांची माहिती मात्र भरपूर विचारतो, आणि मला ही मैत्री फार मोलाची वाटते.

ट्रॉय, मिशिगन

टेक्नो. आणि एक विनंती: टेक्नोला युरोपचं संगीत म्हणू नका. बर्लिनने त्याला घर दिलं, २०२४मध्ये जर्मनीने बर्लिनच्या टेक्नोला आपल्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं, छान झालं. पण हुआन ॲटकिन्स, डेरिक मे आणि केविन सॉन्डरसन ही तीन कृष्णवर्णीय मुलं डेट्रॉइटजवळच्या बेलव्हिलच्या शाळेतली. ते गाव आमच्यापासून गाडीने तासाभराच्या आत. मी लग्न होऊन इथे आले तेव्हा हे काहीच ठाऊक नव्हतं. मेअखेरच्या सुट्टीत नदीकाठच्या हार्ट प्लाझात टेक्नोचा महोत्सव भरतो, तिथे मैत्रिणीसोबत गेले. माझ्या शेजारी साठी ओलांडलेल्या दोन कृष्णवर्णीय बहिणी घडीच्या खुर्च्या घेऊन बसल्या होत्या. एक गाणं लागलं तशी त्यातली थोरली उठली, पर्स धाकटीकडे दिली आणि पूर्ण सेटभर नाचली. मला म्हणाली, हे आमच्या भावाच्या गॅरेजमध्ये वाजायचं. त्या दिवसापासून माझं टेक्नो तेच: यंत्राचं, पण ज्यांच्या घरातली माणसं मोटारींच्या कारखान्यात राबली त्यांनी केलेलं.

माझी मुलगी सोळा वर्षांची. ती डबस्टेपमध्ये, त्यातही 'रिडिम', म्हणजे एकच जड बेसचा तुकडा पुन्हा पुन्हा येणारा उपप्रकार. मी तिला म्हटलं, डबस्टेप दक्षिण लंडनमधल्या क्रॉयडनचा, २०००च्या आसपासचा. १४० लय पण स्नेअर तिसऱ्या मात्रेवर, म्हणून शरीराला ७० वाटते, मध्ये ऐसपैस जागा. तिने ते जुनं ऐकलं आणि म्हणाली, 'आई, हे चांगलं आहे, पण यात काही घडत नाही.' मला त्या न घडण्यातच सगळं ऐकू येतं. गाडी चालवताना तिचं गाणं लावू देते, फक्त हायवेवर नाही.

नाशिक

ड्रम अँड बेस. १९६९च्या एका सोल रेकॉर्डमधला सहा-सात सेकंदांचा ड्रमचा तुकडा कापून, वेगात फिरवून हा सगळा डोलारा उभा राहिला, त्याचं मला रोज नवल वाटतं. त्या ड्रमरला, ग्रेगरी कोलमनला, आयुष्यात त्याचे काहीच पैसे मिळाले नाहीत, हे मात्र सलतं. इथे माझ्यासोबत हा प्रकार ऐकणारं कुणीच नाही. कुणी असेल तर हात वर करा.

सांगली

एवढं सगळं वाचलं, आता आमचं ऐका. मी मिरवणुकीची गाणी बनवतो, रिमिक्स. पुण्या-मुंबईच्या लोकांना आमचं काम संगीतात धरायचंच नसतं, पण प्रकार आमच्यातही आहेत, आणि भांडणंही लई. हलगी मिक्स वेगळं, संबळ वेगळं, प्रेशर मिड वेगळं. प्रेशर मिड हे साउंडची ताकद दाखवायला बनवतात, त्यात नाचण्यासारखं कमी. मी हलगीवाला. साधा लूप (पुन्हा पुन्हा फिरणारा तयार तुकडा) उचलून चालत नाही. हलगी वाजवणारा कडक काडी आणि मऊ काडी वेगळ्या वजनाने मारतो, आणि प्रत्येक ठोका कंप्युटरवरच्या ग्रिडवर, म्हणजे लयीच्या काटेकोर आखणीवर नेऊन बसवला की त्याची चाल मरते. मी किक ग्रिडवर ठेवतो, हलगीला थोडं मागंपुढं राहू देतो. आमच्या गल्लीतली म्हातारी माणसंसुद्धा अशा गाण्याला पाय धरतात.

आवाजाच्या भिंतींमुळे कान जातात, लेझरने डोळ्यांना इजा झाल्याच्या बातम्या येतात. बार्देशकरांच्या आईचं वाचून मला बोलावंसं वाटलं. मर्यादा पाहिजेच. मंडळाला मी सांगतो की गाणं चांगलं असलं तर कमी आवाजातही पोरं नाचतात. काही ऐकतात, काही मंडळं दुसऱ्याकडून गाणं करून घेतात.

नाशिककर, तुमचा हात दिसला. तुमच्या ड्रम अँड बेसच्या १७४ची निम्मी लय ८७. आमची हलगी त्या ८७वर आरामात चालते, फक्त तुमचा स्नेअर दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर आहे तिथं हलगीचा मोठा ठोका काढून घ्यावा लागतो, नाहीतर दोघं एकमेकांवर बसतात. तुमच्याकडचा एखादा तुकडा पाठवा. मी त्यावर खरी हलगी वाजवून घेतो, लूप नाही.

नाशिक

आज रात्री पाठवतो. ड्रम आणि बेस वेगवेगळे, म्हणजे काढायला सोपं जाईल.