कॉर्डोबाची नक्कल?

गुलबर्ग्याच्या किल्ल्यातली जामा मशीद म्हणजे स्पेनमधल्या कॉर्डोबाच्या मशिदीची नक्कल, असं नेहमी म्हटलं जातं. हे मार्गदर्शक पुस्तिकांचं लाडकं वाक्य, पण मला पटत नाही. कॉर्डोबाच्या मशिदीला संत्र्याच्या झाडांचं मोकळं प्रांगण आहे, आत खांबांवर दुमजली कमानी आहेत. गुलबर्ग्याचं वेगळेपण नेमकं उलट आहे: इथे अंगणच नाही! 1367 च्या या बहमनी इमारतीत एरवी सहन, म्हणजे मशिदीचं उघडं अंगण, असतो ती जागाही ओळीने छोट्या घुमटांनी झाकलेली आहे. मोठा घुमट मिहराबापुढे (मक्केची दिशा दाखवणाऱ्या भिंतीतल्या कोनाड्यापुढे), आणि चार कोपऱ्यांत चार मध्यम.

मग उजेड कुठून? बाहेरच्या बाजूंना बुटक्या खांबांवर भल्या रुंद कमानी आहेत, तिथून. मी सोलापूरहून ऐन मे महिन्यात गेलो होतो. किल्ल्यात डोकं तापत होतं (टोपी विसरलो, माझीच चूक), आत शिरल्यावर मात्र चक्क गारवा. त्या उन्हात उघडं अंगण का टाळलं असेल, याचा तर्क मला तिथेच सुचला. अर्थात तो तर्कच. कारण दीडशे-दोनशे किलोमीटरवरच्या विजापुरात पुढे आदिलशाहीने जामा मशीद बांधली, तीही तितक्याच उन्हात, पण अंगणासकट.