भर पावसात अबोली एकेक करून सुकते आहे

लाल माती, फोंडा
कुंपणाच्या कडेला जमिनीत अबोली आहे, दोन वर्षांची. माती ओलीगच्च, तरी दुपारी पानं मान टाकतात, रात्री थोडी सावरतात, आठवड्याभरात झाड वाळतं. त्या जागी आधी वांगी होती. चतुर्थी तोंडावर आली आहे. औषध काय घालू? आणि नवी रोपं कशी करू?

कुळागर
औषधाआधी मुळं बघा. सुकत असलेलं एक झाड मुळांसकट खणून बादलीत धुवा. मुळांवर मण्यांसारख्या गाठी असतील तर सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणाऱ्या डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक अळ्या. गाठी नसतील, मुळाची साल ओढताच निसटत असेल आणि खोड चिरल्यावर आत तपकिरी रेघ दिसत असेल, तर मर, म्हणजे बुरशीने झाड सुकण्याचा रोग. बरेचदा दोन्ही एकदम असतात, कारण सूत्रकृमींनी केलेल्या जखमांतूनच मरीची बुरशी आत शिरते. वांग्याच्या मुळांवर हे सूत्रकृमी भरपूर पोसतात, त्यामुळे माझा पहिला संशय तिथेच.

मर असेल तर ते झाड जाळा, कंपोस्टात टाकू नका. शेजारच्या झाडांच्या बुंध्याशी कॉपर ऑक्सिक्लोराइड (तांब्याचं बुरशीनाशक), लिटरला 3 ग्रॅम, ओता. ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी, त्याच वेळी घालू नका; तीही बुरशीच, तांब्याने मरू शकते. मध्ये 15 दिवस जाऊ द्या.

लाल माती, फोंडा
मुळं धुतली. गाठीच गाठी आहेत, खोड आतून पांढरं स्वच्छ.

कुळागर
मग तांबं नकोच. उरलेल्या झाडांना प्रत्येकी 100 ग्रॅम निंबोळी पेंड बुंध्यापासून वीतभर लांब गोल पसरून मातीत मिसळा. 10 किलो कुजलेल्या शेणखतात 250 ग्रॅम ट्रायकोडर्मा कालवून, ओलसर ठेवून, सावलीत आठवडाभर झाका आणि तेही द्या. पाणी तुंबत असेल तर चर काढा. मेलेल्या झाडांच्या जागी झेंडू लावा, अबोली मुळीच नको. एप्रिल-मेमध्ये तीच जमीन भिजवून पारदर्शक प्लास्टिकखाली सहा आठवडे तापवा. गोव्यातलं ऊन त्या वेळी हे काम चोख करतं.

परसदार
रोपांबद्दल. बी धरणारी जात असेल तर कणीस (फुलांचा तुरा) तपकिरी झाल्यावर, पण बोंडं तडकण्याआधी, कापून कागदी पिशवीत ठेवा. वाळलेल्या बोंडाला पाणी लागलं की ते फुटून बी लांब उडतं, म्हणून पावसात झाडावर बी सापडतच नाही. दिल्ली अबोली या जातीला बी धरत नाही, तिच्या फांद्याच लावाव्या लागतात: तीन-चार पेरांचा, फार कोवळा नाही असा तुकडा, खालची पानं काढून, निम्मी वाळू निम्मा कोकोपीट. गाठी आलेल्या झाडाचीही फांदी चालते, कारण हे सूत्रकृमी मुळांत असतात. फक्त ती मातीला टेकलेली नसावी, आणि कुंडीत त्या वाफ्यातली चिमूटभरही माती घालू नका.

फुलून गेलेलं कणीस देठासकट खुडत राहा, बगलेतून नवी कणसं लवकर येतात. चतुर्थीला वेण्यांपुरती फुलं हवी असतील तर आजपासून हे करा.