मदत हवी आहे: टीएतल्या (टेरिटोरियल आर्मी, म्हणजे प्रादेशिक सेनेतल्या) जुन्या गमतींचं रेकॉर्डिंग कागदावर कसं उतरवायचं?

मंडळी, आम्ही १०९ इन्फंट्री बटालियन (टीए), मराठा लाइट इन्फंट्री, कोल्हापूरचे निवृत्त जवान. ९ ऑक्टोबरला, टीए दिनाला, ३२ पानांची पुस्तिका काढायची आहे. शौर्यकथा नाहीत, निव्वळ गमतीजमती. वर्षातले दोन महिने वर्दी आणि एरवी शेती, दुकान, रिक्षा, त्यामुळे माल भरपूर.

मोबाइलवर सात तासांचं रेकॉर्डिंग झालंय. अडचण अशी की एकाने किस्सा काढला की चौघे मध्येच तोंड घालतात. व्हॉइस टायपिंग लावून पाहिलं. त्यातला एक किस्सा असा: रात्रीच्या पहाऱ्यावर अंधारात खसखस ऐकून गडी ओरडला, "थम! कौन आता है?" तीनदा दरडावलं, उत्तर नाही. टॉर्च मारला तर म्हैस! त्यावर हवालदार म्हणाले, "तिला पासवर्ड ठावं न्हाई रं." मोबाइलने लिहिलं, "थांब, कोण आत्या आहे." हसलो खूप, पण छापणार काय?

भाच्याला ऐकून लिहायला बसवलं, तर त्याने सगळं पुस्तकी मराठी करून टाकलं. किस्सा मेला. परत एकेकाला वेगळं बोलवावं म्हटलं, तर एकटा माणूस रंगतच नाही.

लॅपटॉप जुना आहे, खर्च चार हजारांपर्यंत झेपेल. कॅम्पच्या जागा, हत्यारं वगैरे तपशील आम्हीच गाळणार आहोत, ती काळजी नको.

कोल्हापुरी आणि फौजी हिंदीची मिसळ, त्यात तिघे-चौघे एकदम बोलणारे, असं रेकॉर्डिंग बोली न बिघडवता उतरवायची कोणती रीत किंवा अ‍ॅप तुम्ही स्वतः वापरलंय?